‘निर्व्यसनी’ या शब्दाची जबाबदारी

(ज्ञातिमंडळाच्या नवी पेठ, सोलापूर येथील सभागृहात १२ जानेवारी रोजी भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा निवृत्त शिक्षक शिक्षणाचे महत्त्व सांगेल आणि गुणवंत विद्यार्थ्यांना आशीर्वाद देऊन खाली बसेल, अशीच आपली अपेक्षा असणार. तो विषय गोड आहे. आम्ही मात्र आज एक कडू विषय घेऊन उभे आहोत. तो म्हणजे मद्यपान आणि इतर मादक पदार्थ. आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपुरते आणि पुढे अध्यापनाच्या प्रमाणपत्रापुरते. परंतु ३८ वर्षे मुलांमध्ये घालविल्यामुळे कोणत्या घरातील दिवा कशाने विझला, हे आम्ही जवळून पाहिले आहे. शिवाय या विषयावर बोलण्याचे एक ऋण आमच्या डोक्यावर आहे. ते आज आपणां सर्वांसमक्ष कबूल करावयाचे आहे.

आपल्या वार्षिक स्मरणिकेची शेवटची पाने आपण सर्वजण आधी उघडतो, हे कोणी नाकारू नये. तेथे वधुवर सूची असते. जन्मवर्ष, उंची, शिक्षण, नोकरी, घर, शेती. आणि वधूपक्षाच्या अपेक्षांत एक शब्द हटकून असतो : ‘निर्व्यसनी’. तसाच तो वराच्या माहितीतही छापलेला असतो. पत्रिका आपण दोन दोन ज्योतिषांना दाखवितो. घराचा उतारा पाहतो, पगाराची पावती मागतो. परंतु या एका शब्दाची शहानिशा कोण करतो? छापणारा विचारीत नाही, वाचणारा पडताळीत नाही, आणि ज्यांस ठाऊक असते ते बोलत नाहीत. त्या न बोलणाऱ्यांत आम्हीही होतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच समाजातील एक गृहस्थ दिवेलागणीला आमच्या घरी आले. मुलीसाठी एक स्थळ पाहत होते आणि मुलगा आमचा जुना विद्यार्थी होता. “गुरुजी, तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. तुमचा शब्द आम्हांला प्रमाण,” असे ते म्हणाले. मुलगा हुशार, स्वभावाने गोड, हे खरेच होते. परंतु तो शनिवारी कोठे बसतो आणि सोमवारी सकाळी कामावर त्याचे हात का थरथरतात, हेही आम्हांस ठाऊक होते. त्याची आई आमच्या घरात येऊन रडून गेली होती. आम्ही काय सांगितले? “मुलगा घरंदाज आहे. जरा मित्रमंडळींत असतो, इतकेच. लग्न झाले की सगळे ठीक होईल.” एक स्थळ मोडल्याचे पाप नको आणि आपल्या माणसाची अब्रू जावयास नको, असा आमचा विचार. नऊ वर्षांनी ती मुलगी दोन लेकरे घेऊन माहेरी परतली. अंगावर सौभाग्यलेणे नव्हते. मुलाचे यकृत निकामी झाले होते आणि वय चाळीसच्या आत होते. पुढे त्याच वर्षी नवी पेठेत एका कापडदुकानाच्या पायरीवर ते गृहस्थ भेटले. त्यांनी दोष दिला नाही. “गुरुजी, बरे आहात ना?” एवढेच विचारून ते पुढे गेले. शिव्या दिल्या असत्या तर आम्हांस हलके वाटले असते.

बंधुभगिनींनो, ज्या दिवशी आपण येथे जमलो आहोत तो दिवस सोलापूरकरांनी विसरावा असा नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो. परंतु त्या प्रकरणाचा आरंभ कोठे झाला, हे किती मुलांना सांगतो? मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेची वार्ता आली आणि शहर खवळून उठले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूस लोकांनी ज्या झाडांवर कुऱ्हाड चालविली ती शिंदीची झाडे होती. त्यानंतर धरपकड झाली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे धारातीर्थी पडले आणि शहरावर लष्करी कायदा आला. शिंदीच का? तर ताडीमाडी व दारू यांवरील कराने परकीय सरकारचा खजिना भरत होता आणि गरिबाचा संसार रिकामा होत होता. त्याही पूर्वी, १८८० साली, पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असताना जोतीराव फुले यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध आवाज उठविला होता, आणि गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून दारूवर अखेरपर्यंत कोरडे ओढले. तात्पर्य, दारूस विरोध करणे हा सोवळेपणाचा प्रकार नसून कष्टकऱ्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, ही जाण आपल्या प्रांतात जुनी आहे.

स्वराज्य आल्यावर मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. १९६० नंतरच्या दशकात त्याची बंधने सैल होत गेली. तो कायदा नाव बदलून आजही आहे. मद्य प्यावयाचे तर परवाना लागतो, आणि २५ वर्षांखालील व्यक्तीस कडक मद्य विकता येत नाही. हे किती जण पाळतात, ते आपण जाणताच. कायदा कडक होता तेव्हा चोरून हातभट्ट्या लागल्या, आणि सैल झाला तेव्हा उघड दुकाने निघाली. म्हणून कायद्याची निंदा करावी असे नव्हे. परंतु घराने आणि समाजाने आपले काम केले नाही तर कायदा एकटा पुरा पडत नाही, एवढे यावरून दिसते.

आमच्या लहानपणी सोलापूर गिरण्यांचे गाव होते. पगाराच्या दिवशी भोंगा झाला की काही बायका गिरणीच्या फाटकाशी येऊन उभ्या राहत. नवऱ्याच्या हातातील पैसे गुत्त्याच्या वाटेवर जाण्यापूर्वी त्यांतले थोडे तरी पदरात पडावेत, एवढीच त्यांची धडपड असे. आपण पांढरपेशे म्हणविणारे त्यांच्याकडे पाहून हळहळत असू, आणि ‘हे त्यांचे व्यसन, आपले नव्हे’ असे मनाशी म्हणत असू. पुढे गिरण्या बंद पडल्या. फाटके मोडली. व्यसन मात्र त्या फाटकातून निघून आपल्या दिवाणखान्यात आले. आता त्याला ‘पार्टी’ म्हणतात. हळदीच्या रात्री, वरातीच्या मागे, बढतीच्या निमित्ताने बाटली निघते, आणि नको म्हणणाऱ्या मुलालाच मागासलेला ठरविले जाते.

आता थोडे शास्त्र पाहू. हिशोब हा आमचा जुना विषय, म्हणून हिशोबानेच सांगतो. दुकानात मिळणाऱ्या व्हिस्की, रम इत्यादी कडक मद्यात शंभर भागांत सुमारे ४३ भाग शुद्ध मद्यार्क असतो. ३० मिलिलिटरच्या एका मापात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क येतो. निरोगी माणसाचे यकृत तासाला जेमतेम तेवढाच निचरा करू शकते. ज्यास ‘क्वार्टर’ म्हणतात ती १८० मिलिलिटरची बाटली, म्हणजे सहा मापे, सुमारे ६० ग्रॅम. ती रात्री अकराला संपविली तर पहाटे पाचपर्यंतही रक्त स्वच्छ होण्याची खात्री नाही, आणि तोच माणूस सकाळी दुचाकीवर मुलाला शाळेत सोडावयास निघतो! ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनीही हिशोब करावा. कडक बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे चार मापे झाली. लिंबू पिळून, ताक पिऊन किंवा थंड पाण्याने स्नान करून हा निचरा लवकर होत नाही. त्याला वेळच लागतो.

मद्याने प्रथम यकृतात चरबी साठते. या पायरीवर दुखत काहीच नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पुढे सूज येते, आणि अखेर यकृत निबर, गाठाळ होते. मग पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते. चरबीच्या पायरीवर मद्य सोडले तर यकृत पुष्कळदा पूर्ववत् होते, परंतु निबर झालेले यकृत पूर्ववत् होत नाही. स्वादुपिंड, हृदय, मज्जातंतू, स्मरणशक्ती, कशालाच हे विष सोडीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच मद्याची गणना निश्चित कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन येथील कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. त्यात तंबाखू किंवा मावा यांची जोड मिळाली की तोंडाचा व घशाचा धोका कितीतरी वाढतो. ‘थोडी घेतली तर औषध’ असे म्हणणाऱ्यांसाठी त्याच संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, आरोग्यास पूर्णपणे निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. मद्यामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख माणसे मेली, असे त्या संघटनेचा अहवाल सांगतो.

थंडीत ऊब येते, झोप लागते, असेही समर्थन ऐकू येते. मद्याने कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात अंगातील उष्णता बाहेर जात असते. झोप लवकर लागते हे खरे, पण ती मध्यरात्रीनंतर मोडते आणि सकाळी थकवा उरतो. तो घालविण्यासाठी पुन्हा संध्याकाळची वाट पाहिली जाते. असे हे चक्र आहे.

भेसळीच्या दारूची कथा तर आणखी भयंकर आहे. तीत मिथेनॉल नावाचा विषारी मद्यार्क असतो. शरीरात त्याचे आम्ल बनून प्रथम डोळ्यांचे मज्जातंतू जातात, मग प्राण जातो. मुंबईत मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

तरुण मित्रांना आणखी एक सावधगिरीची सूचना. मद्याच्या पलीकडे आता ‘एम. डी.’ नावाची पूड आली आहे. ती मुंबईपुण्यापुरती आहे, असे कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत ही पूड बनविणारा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला. या पुडीने रात्र रात्र जागता येते, अंगात बळ आल्यासारखे वाटते, आणि मग संशय, भास, चिडचिड व हृदयाची धडधड मागे लागते. परीक्षेच्या अभ्यासासाठी म्हणून ती कोणी देऊ केली तर तो तुमचा मित्र नव्हे. खोकल्याच्या काही औषधांचा आणि झोपेच्या गोळ्यांचा नशेसाठी उपयोग करणे, पंक्चरचे सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगणे, हे प्रकार शाळकरी वयात सुरू होतात. १९८५ च्या कायद्याने अमली पदार्थ जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. मित्राची पिशवी सांभाळली, एवढ्यानेही आयुष्यावर डाग पडू शकतो.

येथवर ऐकून काही माताभगिनींच्या मनात येईल की, आमच्या घरात हे आधीच शिरले आहे, आता करावे काय? त्यांच्यासाठी आम्ही विशेष बोलतो. पहिली गोष्ट ही की, जडलेले व्यसन हा नुसता नाठाळपणा नसून आजार आहे. मेंदूला त्या पदार्थाची अशी सवय लागते की शपथा व अंगारे पुरत नाहीत. २०१९ साली केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. परंतु पुरते व्यसन जडलेल्या ३८ जणांत जेमतेम एकासच काही उपचार मिळतो. बाकीचे का जात नाहीत? कोठे साधन नसते, कोठे माहिती नसते, आणि आपल्यासारख्यांच्या घरी लोक काय म्हणतील ही भीती असते.

दुसरी गोष्ट, रोज पुष्कळ पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नये. दोनतीन दिवसांत थरकाप, झटके, भ्रम होऊन प्रसंगी जीव जातो. वैद्यकीय देखरेख हवी. तिसरी गोष्ट, ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलू नये. जेवणात चोरून पूड घालून त्यावर त्याने दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून अनर्थ होऊ शकतो. अशा प्रकारचे औषध रुग्णास सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांनीच द्यावयाचे असते. चौथी गोष्ट, तो प्यालेला असताना भांडू नये. सकाळी शुद्धीवर असताना बोलावे. त्याची उधारी फेडू नये, त्याच्यासाठी साहेबाशी खोटे बोलू नये. या मायेने आजार लांबतो.

उपचार आहेत, आणि ते सोलापुरातही आहेत. शासकीय सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४४६ या शासकीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना आधार देत सुरू केलेली ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ महाराष्ट्रातही रुजली आहे. तेथे नाव विचारीत नाहीत, पैसा घेत नाहीत. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेही येरवड्यास! ज्या येरवड्यास आपले चौघे फासावर गेले, त्याच येरवड्यातून आज माणसे बरी होऊन आपल्या घरी परततात. एकदा सुटलेली दारू पुन्हा लागली म्हणून उपचार फुकट गेला असे समजू नये. मधुमेह वाढला तर आपण औषध टाकून देतो काय? पुन्हा उपचार घ्यावा.

माणूस बदलतो का, असे विचारणाऱ्यांनी दूर पाहू नये. २०२१ साली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी, जेथे पिढ्यान्‌पिढ्या हातभट्टीवर पोट चालत असे, तेथे नुसते छापे न घालता लोकांना समजाविले, दुसरे कामधंदे मिळवून देण्याची खटपट केली, आणि अनेकांनी भट्टी सोडली. ज्यांचे पोट त्यावर होते त्यांनी सोडली. ज्यांची केवळ हौस आहे त्यांना ती का सोडवू नये?

आता या मंडळापुढे चार विनंत्या ठेवून आम्ही थांबतो.

एक : या सभागृहात होणाऱ्या कोणत्याही कार्यात, हळदीत किंवा वरातीत मद्य असणार नाही, ही अट आरक्षणाच्या अर्जावरच छापावी, आणि ती अध्यक्षांच्या घरच्या लग्नालाही लागू असावी.

दोन : सूचीत ‘निर्व्यसनी’ हा शब्द वराच्या नावापुढे छापावयाचा तर त्यास ओळखणाऱ्या, नातेवाईक नसलेल्या दोघांनी त्याची जबाबदारी घ्यावी. आणि ज्याचे व्यसन होते पण सुटले आहे, त्याने ‘तीन वर्षांपासून मुक्त’ असे उघड लिहावे. असा मुलगा आम्ही खोट्या निर्व्यसन्यापेक्षा अधिक भरवशाचा मानू.

तीन : शिक्षणनिधीच्या धर्तीवर एक लहानसा उपचारनिधी उभारावा. घेणाऱ्याचे नाव दोघांपलीकडे तिसऱ्यास कळू नये.

चार : व्यसनाने ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरच्या मुलांची शाळेची फी मंडळाने भरावी, आणि त्या माउलीस हळदीकुंकवाला नव्हे तर कार्यकारिणीत बोलवावे. या विषयातील तिचा अनुभव आपणां सर्वांपेक्षा मोठा आहे.

निधीच्या आरंभासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम आम्ही आज चिटणीसांकडे दिली आहे. त्यात दानाचा भाग नाही. वीस वर्षांपूर्वी दिवेलागणीला आलेल्या त्या पित्यास आम्ही जे खरे सांगावयास हवे होते, त्या न दिलेल्या उत्तराचा तो थोडासा परतावा आहे. आपल्या दाराशीही उद्या कोणी असाच येईल आणि विचारील, “मुलगा कसा आहे?” त्या वेळी आपल्या माणसाची अब्रू आणि परक्याच्या मुलीचे आयुष्य यांत निवड करावी लागेल. अध्यक्षमहाशय, ती मुलगीही आपलीच असते, हे आम्हांस उशिरा कळले. आपणांस वेळीच कळावे, एवढीच श्रीसिद्धेश्वराच्या चरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.